छपराचा पुरावा

वादळ होऊन गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी रोह्याहून जित्याला आईकडे जायला निघाले. तोवर तिचा फोन लागत नव्हता आणि गाड्याही बंद होत्या. नवऱ्याने कंपनीतली शिफ्ट बुडवली आणि मोटरसायकल काढली. रस्त्यात ठिकठिकाणी झाडं आडवी पडलेली, लोकांनी कापून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट केलेली. पेणला रामवाडीत ताडपत्रीसाठी थांबलो. दुकानासमोर मोठी रांग होती. आमची पाळी आली तेव्हा माणशी एकच देत होते. हमरापूरच्या बाजूला गणपतींच्या कारखान्यांचे पत्रे उडाले होते आणि रंग न दिलेल्या मूर्तींवर लोकांनी घरातल्या चादरी टाकल्या होत्या.

वडील गेल्यापासून आई जित्यात एकटीच राहायची. घर कौलारू, मागच्या पडवीला पत्रे. मी दारात पोहोचले तर वर आभाळ दिसत होतं. पत्रे गेले होते, माजघरावरची निम्मी कौलं फुटून खाली पडली होती. आई चुलीशेजारच्या कोरड्या कोपऱ्यात गोणपाट अंथरून बसली होती.

"तीन दिवस अशीच बसलीस?" मी विचारलं.

"पंचनामा होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाय म्हणून सांगितलंय. हात लावला की काय पन मिळत नाय."

"कुणी सांगितलं?"

"बाजूची चाची सांगत व्हती."

चाची म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांचा मुलगा कुवेतला नोकरीला, घरात त्या आणि सून. मी त्यांना विचारलं, तर त्यांनी ते दळणाच्या गिरणीवर ऐकलं होतं. गिरणीवर कोण बोललं, ते त्यांना आठवेना.

मी एका शाळेत क्लार्क आहे. त्यामुळे कागदपत्रातलं मला सगळं कळतं, असा आईचा समज. "तू इचारून ये," म्हणाली. मी ग्रामपंचायतीकडे गेले. कुलूप होतं. बाहेर पंधरा-वीस माणसं उभी होती. एक म्हणाला, घराचं ग्रामसेवक बघणार, शेताचं तलाठी, झाडांचं शेतीखात्याचा माणूस. दुसरा म्हणाला, सगळं तलाठीच बघणार. तिसऱ्याच्या मते पूर्ण पडलेल्या घरांनाच मदत होती. सातबारा लागतो म्हणावं तर जमीन आणि घर अजून वडिलांच्याच नावावर. मी प्रत्येकाचं ऐकत होते आणि प्रत्येकाचं खरं वाटत होतं. तासाभराने परत आले तेव्हा जाताना जेवढं कळत होतं तेवढंही कळेनासं झालं होतं.

दुपारी पुन्हा पाऊस धरला. आईने बियाण्याच्या भाताची कणगी उघडून दाखवली. आत हात घातला तर दाणे गरम लागले. भाताला मोड आले होते. वालाच्या डब्यातही पाणी गेलं होतं.

"आता काय करायचं गो?" आईने विचारलं.

मला खरंच कळत नव्हतं. थांबावं तर उरलेलं घर भिजत होतं, दुरुस्त करावं तर मदत जाईल. शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, "चढ वर." तो आणि गल्लीतले दोघे जण वर गेले. सापडले ते पत्रे ठोकले, माजघरावर ताडपत्री बांधली. आई तोवर मोड आलेलं भात पाटीत घेऊन खाचरात गेली आणि तिथल्या चिखलात फेकून आली. मोड आलेलं बी असं पेरायची रीत आमच्याकडे आहेच. टाकून देण्यापेक्षा थोडं तरी उगवेल, एवढाच तिचा विचार. त्या रात्री घरात आम्ही तिघं कोरडे झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी आले. वही, पेन, पायात चिखलाने भरलेले बूट. ते बरेच दमलेले दिसत होते.

"छप्पर तर आहे, मावशी," ते आईला म्हणाले.

"काल घातलं," मी म्हटलं.

"आणि बियाणं?"

आईने खाचराकडे बोट दाखवलं. तिथे नुसतं गढूळ पाणी दिसत होतं.

"मी खोटं म्हणत नाही तुम्हाला," ते म्हणाले, "पण जे दिसतं तेच मला लिहावं लागतं. आधीचा फोटो असेल तर तो लावू. दोन दिवस मी याच बाजूला आहे."

माझ्या पिशवीत फोन होता. आदल्या दिवशी त्यात चार्जिंगही होतं. शाळेत पालकांना पुरावा आणा, प्रत आणा, असं रोज सांगणारी मी, आणि फोटो काढायचं मला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात चाची दारात आल्या. "मी पोराला फोटो पाठवलेत, पयल्याच दिवशी. तुमच्या घराचा पन असंल त्यात." पण त्यानंतर त्यांचा फोन बंद पडला होता आणि गावात वीज नव्हती.

आम्ही तो फोन घेऊन रामवाडीला गेलो. एका झेरॉक्सच्या दुकानात जनरेटर चालू होता. फोन चार्जिंगला लावला, पण तो सुरूच होईना. पाणी गेलं असणार. चाचीने नंबर एका जुन्या वहीत लिहून दिला होता. माझ्या फोनवरून कुवेतला लावला. मुलाने आधी आईची चौकशी केली, आमच्या आईची केली, मग सगळे फोटो पाठवून दिले.

मी एकेक बघत गेले. फुटकी कौलं, उघडे वासे, ओल्या भिंती, वर आभाळ. मी त्या घरात जन्मले, तिथेच वाढले, आणि त्यातलं आमचं घर कोणतं ते मला सांगता येईना. छपराशिवाय सगळीच घरं सारखी दिसत होती. दुकानदाराने विचारलं, "कुठला काढू?" मी म्हटलं, "सगळेच काढा."

घरी आल्यावर आईने फोटो चुलीच्या उजेडात धरले. "हे आपलं नाय. हे पन नाय."

चाची म्हणाल्या, "ही तुमचीच पडवी गो. मी मधल्या वईच्या बांधावर उभी राहून काढलाय."

"व्हय?" आईने तो फोटो उलटसुलट करून पाहिला. "असंल."

तलाठ्यांना द्यायचा म्हणून मी त्याच फोटोमागे आईचं नाव लिहिलं. लिहिताना मनात आलं, तो चाचीच्याच घराचा असला तर? पण चाची स्वतःच सांगत होत्या. त्यांच्या घराचा पंचनामा तर तलाठ्यांनी समोर उभं राहून केला होता. दुसऱ्या दिवशी मी तो फोटो तलाठ्यांना दिला.

भात कापणीला आलं तेव्हा आईच्या खात्यात मदत जमा झाली. चाचीलाही मिळाली. आईने मला फोन करून विचारलं, "ही घराची का बियान्याची?" बँकेच्या मेसेजवरून काही कळत नव्हतं. मी दोन ठिकाणी विचारलं. एकाने घराची सांगितली, दुसऱ्याने शेतीची. आईने पडवीला नवे पत्रे घातले आणि तो विषय सोडून दिला. चिखलात फेकलेल्या भातापैकी निम्मं उगवलं होतं, बाकीच्या खाचरात शेजाऱ्यांकडून रोपं मागून लावणी केली होती.

पुढच्या वर्षी चाचीचा मुलगा सुट्टीवर आला. मी त्याला माझ्या फोनमधला तो फोटो दाखवून विचारलं, "हे घर कुणाचं रे?"

त्याने बराच वेळ पाहिलं. "मला नाय सांगता येत, ताई. तिकडे मी सगळे फोटो एकदमच बघितले. कुठलं कुणाचं ते तेव्हा डोक्यातच नाय आलं."

चाची आतून चहा घेऊन आल्या आणि आम्ही त्याच्या परतीच्या तिकिटाबद्दल बोलायला लागलो.