बड्या घालणारा हिरो

"हव काका, परत एकदा," म्हणून तो दाराबाहेर जायचा आणि पुन्हा आत यायचा. म्हाताऱ्यासारखं चालून. जमायचं नाही. वाघच आत आल्यासारखा वाटायचा.

तुम्ही त्याला सिनेमात पाहिलं असेल. एका लाथेत चार माणसं उडवायचा. आमच्यासाठी तो रायपूरच्या तात्यापाऱ्यातला, आमच्याच मोहल्ल्यातला पोट्टा. कराटे शिकायला जायचा, गुडघे फोडून यायचा, आणि आमची ही शिव्या देत त्याला हळद लावायची.

पन्नाशी उलटल्यावर तो रायपूरला आला, इकडच्याच एका लहान सिनेमासाठी. मारामारी एकही नाही. काम होतं बायको मेलेल्या म्हाताऱ्याचं.

"काका, मले शिकवा."

"विधुर व्हायले क्लास लागते काय बे?"

तो हसला नाही. "डायरेक्टर म्हणते, तुमचं दुःख खोटं दिसते. या हप्त्यात जमलं नाही तर दुसरा घेतील. लाथा मारायले मले आता कोणी बोलवत नाही, काका. हेबी गेलं तर संपलं."

मी म्हटलं, बस. तो बसला, पण पाठ ताठ, मुठी वळलेल्या.

"अबे, इथं दुश्मन कोण आहे?"

तीन दिवस तो माझ्याकडे नुसता बसायला यायचा. बसून बसून घाम फुटायचा त्याला.

चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "काकी गेली त्या दिवशी तुम्ही काय केलं?"

खरं ते सांगितलं. आदल्या संध्याकाळी तिनं बड्यांसाठी, म्हणजे उन्हात वाळवायच्या सांडग्यांसाठी, उडदाची डाळ भिजत घातली होती. कोहळा किसून ठेवला होता. पहाटे ती गेली. घाटावरून आलो, आंघोळ केली आणि डाळ वाटायला बसलो. सुतकात. मुलगा ओरडला. पाऱ्यातल्या लोकांनी नावं ठेवली. मी गच्चीवर बड्या घालत राहिलो. डाळ आंबली असती. तिनं भिजवलेली होती, फेकवली नाही माझ्याच्यानं. दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीनं सगळ्या बड्या उचलून नाल्यात टाकल्या.

तो म्हणाला, "मी करू हे? सिनेमात?"

"कर. पण रडू नको. मी रडलो नव्हतो."

शूटिंग अभनपूरला, एका घराच्या गच्चीवर. मीही गेलो. मोडून जुळलेल्या बोटांनी तो बड्या घालत होता. लाडवाएवढ्या! लहान घाल म्हणून ओरडणार होतो, पण त्याची पाठ पाहिली. वाकली होती. डायरेक्टरनं "कट" म्हटलं तरी तो थांबला नाही. भांड्याच्या तळाचं पीठ बोटानं निपटून त्यानं शेवटची बडी घातली. जमलं होतं त्याला.

काम संपलं तसा तो मुंबईला गेला. जाताना माझ्या पाया पडला.

शूटिंगच्या त्या दिवशी गच्चीवर सामान आवरणं चाललं होतं. घरमालकीण बड्यांकडे बोट दाखवून मला म्हणाली, "दादा, इनका क्या करें? फेंक दें?"

"फेकना मत," मी म्हटलं. "तीन दिन धूप दिखाओ. फिर आलू के साथ बनाना, और सब लोग खाना."