टीव्हीत न दिसलेला कोंबडा

ती घटना विसरायचे मी बरेच प्रयत्न केले, पण कोंबडा आरवला की ती आठवते. आमच्या वस्तीत कोंबडे भरपूर, त्यामुळे सुटका नाही. पोलीस खात्यातला माणूस निवृत्त होऊन लिहायला बसला की आपण पकडलेल्या गुन्हेगारांच्या गोष्टी सांगतो. मी ज्याला पकडलं तो गुन्हेगार होता की नव्हता, हेच मला आज खात्रीने सांगता येत नाही. म्हणून इथे नाव कुणाचंच येणार नाही, पाड्याचंही नाही.

ऐंशीच्या दशकात मी पालघर-बोईसर पट्ट्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. बोईसरला कारखान्यांच्या चाळी, पाळ्यांच्या बसगाड्या आणि मारामाऱ्या. पूर्वेला डोंगरातले पाडे. पाड्यांवरची माणसं भात झोडून झालं की बायकापोरांसह वीटभट्ट्यांवर जात आणि होळीला परतत. त्यांना भट्टीवर आणणारा, कामाला लावणारा आणि शिव्या घालणारा तो मुकादम. होळी तोंडावर आली असताना अशाच एका मुकादमाचं प्रेत भट्टीमागच्या नाल्यात सापडलं. मानेवर धारदार हत्याराचा घाव होता.

मुकादमावर राग नसलेला माणूस त्या भट्टीवर शोधूनही सापडला नसता. सगळ्यांचे जबाब घेतले, पण कुणी ताकास तूर लागू देईना. भट्टी पेटवणारा एक परप्रांतीय कामगार तेवढा म्हणाला, "साब, ट्रकवाले से भी उसका झगड़ा हुआ था." ट्रकवाला दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गेला होता. त्याला बोलावून घ्या, असं मी हवालदाराला सांगितलं. तेवढ्यात खबर आली आणि ट्रकवाला मागे पडला, तो कायमचा.

खबर आणली ती माझ्या भरवशाच्या खबऱ्याने. पाड्यांच्या वाटेवर त्याचं मीठ-मिरचीचं दुकान होतं. ठाण्याच्या मागच्या दाराने येऊन तो म्हणाला, "साहेब, मुकादमाचं काम कुणी केलं ते कललं. कोयता पन पुरलाय त्यानं." आणि त्याने एका वारली तरुणाचं नाव सांगितलं. त्याला कुठून कळलं, हे मी विचारलं नाही. खबऱ्याला कधीच विचारायचं नसतं. विचारलं की तो बिथरतो आणि पुन्हा फिरकत नाही, हे आमच्या वरिष्ठांनी आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलेलं. त्याच्या आधीच्या खबरा खऱ्या निघाल्या होत्या, एवढं मला पुरलं.

पाड्यावरून तरुणाला आणलं. काटक, लाजरा माणूस. मुकादम होळीला सोडत नव्हता म्हणून खुनाच्या संध्याकाळी त्याने भांडण केलं होतं, हे चौघांनी पाहिलं होतं आणि त्याचं नाव निघाल्यावर ते बोलू लागले. नंतर तो ताडी पिऊन नाल्याच्या बाजूला गेला, हेही पाहिलं होतं. मी त्याच्या अंगाला हात लावला नाही, हे आजही शपथेवर सांगेन. त्या काळी ही बढाई मारण्यासारखी गोष्ट होती आणि मी ती भरपूर मारली. त्याला चहा दिला, समोर बसवलं आणि इकडचं तिकडचं विचारत राहिलो. तो खाली मान घालून कप फिरवत राहिला. शेवटी मी म्हणालो, "कोयता कुठे पुरलाय ते मला माहीत आहे. आता तूच सांग."

त्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, सुटल्यासारखं काहीतरी होतं. "त्ये तुमाला बी ठावं झालं?" तो म्हणाला. "मंग मीच असंन, साहेब."

"असशील म्हणजे काय? मारलास की नाही?"

"मला आटवत नाय. भांडलो त्ये आटवतं. पन मीच असंन."

दारू प्यायलेल्या माणसाची ही कबुली, असं मी समजलो. पंच घेऊन निघालो. त्याने आपल्या शेताच्या बांधावरची जागा दाखवली, स्वतःच उकरली आणि कोयता बाहेर काढला. पात्यावर काळपट डाग होते आणि मुठीला मातीत चिकटलेलं एक तांबूस पीस होतं. पंचांपैकी एकजण म्हणाला, "साहेब, पीस हाय." पाड्यावर कोंबड्या असणारच, पीस उडून येणारच. मी ते बोटाने झटकलं आणि लिहून घेणाऱ्या रायटरला पुढचं सांगू लागलो. पंचनामा सुटसुटीत असावा, अशी मला सवय होती.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण हा माणूस न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही तेच बोलला. आमच्या दमदाटीला बळी पडतोय का, हे त्यांनी वेळ देऊन, फिरवून फिरवून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, मीच मारलं. डाग रक्ताचे आहेत, पण कुणाचं रक्त ते सांगता येत नाही, असा रासायनिक विश्लेषकांचा अहवाल आला. कबुली, भांडणाचे साक्षीदार आणि पुरलेला कोयता यांच्यापुढे त्या अहवालाकडे कुणी पाहिलं नाही. जन्मठेप झाली. निकाल ऐकून तो माझ्याकडे वळला आणि त्याने हात जोडले. मी तेव्हा मनात म्हटलं, गुन्हेगारही आपल्याला मानतात.

पुढे काही वर्षांनी टीव्हीवर पोलिसांच्या तपासांवर एक कार्यक्रम सुरू झाला. कुणीतरी माझं नाव सुचवलं. हात न लावता मिळवलेली कबुली त्या लोकांना फार आवडली. माझी भूमिका मीच करावी, असा त्यांनी आग्रह धरला आणि मीही फार आढेवेढे घेतले नाहीत. तोंडाला पावडर लावून मी एका नटाला चहा पाजला आणि त्याच्याकडून कोयता उकरून घेतला. भाग दाखवला गेला तेव्हा आमच्या घरी शेजारपाजार लोटला होता. बायकोने दोनदा पोहे केले. नंतर भाजीवालीसुद्धा मला टीव्हीतले डिटेक्टिव्ह म्हणू लागली. खोटं कशाला बोलू, मी हवेतच होतो.

अशाच एका सकाळी ठाण्यात बसलो असताना ठाणे अंमलदार हसत आत आला. म्हणाला, "साहेब, एक बाई आलीय. टीव्हीबद्दल बोलायचंय म्हणते." कौतुकच असणार म्हणून मी तिला आत बोलावलं. खुर्ची दिली तर ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मी तिला ओळखलं नाही. तिने सांगितल्यावर कळलं, ती त्या वारली तरुणाची बायको. बोईसरला बांधकामावर घमेली वाहत होती आणि नाक्यावरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर तिने तो भाग पाहिला होता.

"तुमी समदं दाखवलंत साहेब," ती म्हणाली. "कोंबडा नाय दाखवला."

"कसला कोंबडा?"

"कोयत्यावर कापला त्यो. लोक पायतील तर म्हनतील, यानं कोयता लपवला. आमी लपवला नाय. भगतानं सांगलं तसाच पुरला. समदा पाडा हुता तिथं."

मी अंमलदाराला बाहेर पाठवलं आणि तिला पहिल्यापासून सांगायला लावलं. तिने सांगितलं ते असं. मुकादमाचं प्रेत सापडल्यावर माणसं होळीसाठी पाड्यावर परतली ती घाबरूनच. आपल्यातल्या कुणाच्या हातून हे घडलं असेल तर सगळ्या पाड्याला भोवेल, म्हणून त्यांनी पाड्याच्या भगताकडे, म्हणजे देवऋष्याकडे, कौल लावला. भगताने सुपात तांदूळ पाहिले आणि तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. नवरा त्या संध्याकाळी इतका प्यायला होता की नाल्याकडे जाऊन काय केलं, हे त्याला आठवतच नव्हतं. भगत खोटं बोलत नाही, हे मात्र त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने ते मानलं. मग भगताने उतारा सांगितला: घरच्या कोयत्यावर कोंबडा कापायचा आणि कोयता बांधावर पुरायचा.

ती बोलत होती आणि मला कोयत्याच्या मुठीला चिकटलेलं ते पीस दिसत होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. मी नुसतं झाकलं नव्हतं, झटकून टाकलं होतं.

"हे तू कोर्टात का नाही सांगितलंस?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मला कुनी इचारलं नाय," ती म्हणाली.

तिला चहा पाजून पाठवलं आणि मी तसाच जीप काढून खबऱ्याच्या दुकानावर गेलो. तो म्हातारा झाला होता. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं, तुला कुठून कळलं होतं? तो सहज म्हणाला, "पाड्यावर समद्यांनाच ठावं होतं साहेब. भगतानं नाव घेतलं हुतं ना." म्हणजे भगताने तांदूळ पाहिले, खबऱ्याने ते माझ्यापर्यंत आणले आणि मी त्यावर सरकारी शिक्का मारला. मी स्वतःला विज्ञाननिष्ठ समजत होतो. ट्रकवाल्याचा शोध घ्यायला गेलो तर भट्टीही बंद पडलेली होती.

त्यानंतर मला धड झोप लागेना. वरिष्ठांना लेखी कळवलं. ते म्हणाले, "कोर्टाने शिक्षा दिलीय, तुम्ही नाही." बोलणं बरोबर होतं, पण पंचनाम्यावर सही माझी होती. टीव्हीवर तो भाग पुन्हा लागला तेव्हा मी उठून टीव्ही बंद केला आणि बायको बघतच राहिली. एक विचार सारखा छळायचा: त्यानेच मारलं असेल तर माझी ही तगमग फुकट आहे. ती फुकटच जावी, अशी मी देवापाशी प्रार्थना करत होतो. एखादा माणूस खुनी निघावा म्हणून पोलिसाने नवस बोलावा, ही वेळ माझ्यावर आली.

शेवटी परवानगी काढून तुरुंगात गेलो. तो जाडजूड झाला होता, केस पिकू लागले होते. त्याने पुन्हा हात जोडले. मी त्याला कोंबड्याबद्दल सांगितलं, पिसाबद्दल सांगितलं, ट्रकवाल्याबद्दलही सांगितलं. मी म्हणालो, नवा अर्ज कर, मी साक्ष देतो. तो जाळीला धरून पुढे सरकला.

"साहेब," तो म्हणाला, "मीच मारला ना?"

मी अर्जाचा कागद पुढे केला.

"तुमी शोधून काडलंत. तुमीच सांगा. मी मारला आसंल तर हितं ऱ्हानं बराबर हाय. मी रोज तसंच म्हनून झोपतो."

आरोपीसमोर मी जन्मात कधी म्हणालो नव्हतो ते म्हणालो. "मला माहीत नाही."

अर्ज झाला, साक्षही दिली. कबुली ऐच्छिक होती, असं सांगून तो फेटाळला गेला. सूट धरून शिक्षा संपल्यावर तो पाड्यावर परतला. पुढे उरलेल्या नोकरीत मी प्रत्येक खबऱ्याला पहिला प्रश्न विचारला, तुला कुठून कळलं? काही बिथरले, काही कायमचे गेले. माझा हुकमी तपास मंदावला आणि खात्यात माझी चेष्टाही झाली. त्याचं मला काही वाटलं नाही. पंचनाम्यात मी माती, मुंग्या, काडीकचरा सगळं लिहू लागलो आणि रायटर वैतागायचे. एवढं शिकायला दुसऱ्या माणसाचं तारुण्य गेलं, हे मात्र कुठल्याच पंचनाम्यात बसत नाही.

त्या दिवशी तुरुंगातून निघताना त्याने मला हाक मारली होती. मी वळलो. जाळीमागून तो मला निरोप देतोय, असं वाटलं. पण तो रागावला होता. इतक्या वर्षांत त्याला रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"तुमालाच ठावं नाय," तो म्हणाला, "तर आता मी कुनाला इचारू?"