ईश्वरप्पांची वरात

ईश्वरप्पांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. दिवसा चिंचोळी एमआयडीसीत सूतगिरणीचं काम आणि लग्नसराईत बेंजो पार्टी, यातच जन्म गेला. तारेवर हात असा चालायचा, की थकलेला नवरदेवही घोड्यावर ताठ बसायचा. पुढं डीजे आले आणि पार्टीचा बाजार उठला. बेंजो कपाटावर गेला आणि ईश्वरप्पा घरात गप्प गप्प झाले.

मुलगा प्रभु पुण्यात नोकरी करून मित्रांबरोबर रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्यांचा पहिला अल्बम निघायचा होता, ‘खारं पाणी’. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांचं भरधाव गिटारीचं संगीत, असं काहीतरी ते होतं. प्रभु घरी येऊन म्हणाला, "अप्पा, शेवटच्या गाण्यात तुमचा हात पाहिजे." पंखा बंद करून, दारं लावून त्यानं वडलांचा बेंजो रेकॉर्ड केला. घामानं निथळत ईश्वरप्पांनी जीव ओतून वाजवलं.

अल्बम निघाला. मुंबईच्या इंग्रजी समीक्षकांनी त्याच्यावर लिहिलं. ईश्वरप्पांना एकच ध्यास लागला, आपल्या वाजवण्याबद्दल काय लिहिलंय? प्रभु फोनवर म्हणायचा, "लई कौतुक केलंय अप्पा." मग काय, म्हातारा गल्लीभर सांगत सुटला. भेटेल त्याला थांबवून सांगायचा, आणि लोकही बिचारे पुन्हा पुन्हा ऐकून घ्यायचे.

एकदा पार्टीतला जुना ताशेवाला शिवप्पा म्हणाला, "नुसतं सांगतोस काय, ऐकीव की." त्यानं मोबाईलवर अल्बम लावला. दोघं कट्ट्यावर कान लावून बसले. एकेक गाणं संपत गेलं. शेवटचं गाणं आलंच नाही. शिवप्पानं पुन्हा शोधलं.

"मोबाईल बिघडला असंल," तो म्हणाला.

"व्हय, तसंच असंल," ईश्वरप्पा म्हणाले आणि घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. गाणं काढल्याचं दुःख होतंच, पण पोरानं खोटं सांगितलं हे जास्त लागलं होतं.

गावच्या गड्ड्याच्या यात्रेला प्रभु घरी आला, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "माझं गाणं कुटं हाय?"

प्रभुचा चेहरा उतरला. "अल्बम निघाल्यावर मागनं काढलं अप्पा. लोकांनी नावं ठेवली. पुण्याची पोरं म्हणाली, काढूया. मला न्हाय म्हणता आलं न्हाय."

"काय लिवलंय ते वाच. जसंच्या तसं."

प्रभुनं मोबाईल काढला आणि अडखळत मराठीत सांगितलं, "गाणी ताजी आहेत, गिटार सुरेख आहे. शेवटी मात्र कुठूनतरी लग्नाची वरात घुसते आणि सगळा समुद्र नासवून टाकते."

ईश्वरप्पा पुढं सरकून बसले.

"वरात वाटली त्यास्नी?"

"व्हय."

"मुंबईत, घरात बसून ऐकताना?"

"व्हय अप्पा."

"म्हंजी घोडा, नवरदेव, समदं दिसलं असंल की." कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. "मंग बरोबरच वाजलंय की रं. काढलंस कशाला?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. ते उत्तराची वाट बघत मुलाच्या तोंडाकडं पाहत राहिले, आणि प्रभुला रडू आवरेना.