खोडलेली अट

विचुंब्याच्या आपल्या इमारतीतून आम्ही निघालो त्या सकाळी सुटकेसांचे वजन तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी सुनंदेने, म्हणजे माझ्या पत्नीने, माझी बॅग उघडून हिरवी फाईल बाहेर काढली. "दोन स्वेटर बाहेर आणि ही आत? तिकडे थंडीत काय फाईल पांघरणार आहात?" मी ती फाईल खांद्यावरच्या पिशवीत घातली आणि खाली उतरलो. आपण सर्व मंडळी जिन्याच्या तोंडाशी जमला होतात. कोणी नारळ पुढे केला. नारळ विमानात नेता येत नाही, असे मी तिथल्या तिथे सांगितले. आपण हसलात, आणि सुनंदेने तो घेतला. बारा वर्षांच्या शेजाराचा निरोप मी एका नियमाने घेतला, ही गोष्ट मला व्हँकूवरला पोचल्यावर खटकली.

हे पत्र आपणा सर्वांस आहे, आणि इमारतीतील जी मुले संगणकाच्या नोकऱ्यांसाठी पुण्याला, बंगळुरूला आणि त्याही पलीकडे गेली, त्यांनाही. त्या फाईलमध्ये काय होते हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. माझ्या मुलीलाही नव्हते.

न्हावा शेव्याला उतरलेला माल सोडवून घेणाऱ्या एका एजंटाच्या जासईतील कचेरीत मी पत्रे आणि हमीपत्रे लिहीत असे, हे आपण जाणता. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. कायद्याच्या भाषेतला राग मात्र भरपूर होता. आपल्या सोसायटीच्या पाण्यासाठी, रस्त्यासाठी, दिव्यासाठी मी किती पत्रे लिहिली ते आपण पाहिले आहे. पोच घेतल्याशिवाय मी आयुष्यात एकही पत्र कोणाच्या हाती दिले नाही. आणि कचेरीत येणाऱ्या प्रत्येक आयातदाराला मी एकच गोष्ट बजावत असे: हमीपत्रातील एक ओळ जरी खोडली, तरी ते हमीपत्र राहत नाही.

अनघा नववीत असताना शाळेत आठवड्याला एक तास संगणकाचा असे. एका यंत्रापुढे तीन मुली बसत, आणि कीबोर्ड मधल्या मुलीच्या हाती येई. मधली जागा मिळावी म्हणून त्या दिवशी ती डबा अर्धा टाकून वर्गाबाहेर पहिली उभी राही. दहावी झाल्यावर तिने सांगितले की तिला अकरावीला 'बायफोकल' हवे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: विज्ञान शाखेत एक भाषा आणि जीवशास्त्र सोडायचे, आणि त्यांच्या जागी दोनशे गुणांचा संगणक विषय घ्यायचा. जागा थोड्या, यादी वेगळी. अनघाला इंजिनिअरिंग हवे होते, तेही संगणकाचेच, आणि यंत्रापुढे एकटीने बसायला मिळेल अशी जागा तिला तेवढी एकच दिसत होती.

अर्जाच्या शेवटी पालकाने सही करायची एक ओळ छापलेली होती. माझ्या पाल्याने मराठी विषय सोडण्यास माझी पूर्ण संमती आहे, अशा अर्थाची. मी ती वाचली आणि माझे डोके फिरले. महाराष्ट्रात, मराठी बापाकडून, छापील कागदावर! मी पट्टी घेतली, ओळ सरळ खोडली, समासात 'अट मान्य नाही' असे लिहिले आणि आद्याक्षरे केली. अट खोडली म्हणजे अर्ज खोडला असे नव्हे, अशी माझी धारणा होती.

महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या खिडकीवर म्हात्रेबाई होत्या. जवळच्याच गावातल्या, बोलणे गावचे. त्यांनी अर्ज पाहिला आणि परत सरकवला. "साहेब, ही लाईन ऱ्हाऊ द्या. नायतर अर्ज बाजूला पडतो. आमी फॉर्म बनवत नाय, आमी जमा करतो."

"बाई, कायदा मला शिकवू नका. पोच द्या."

त्यांनी शिक्का मारून पोच दिली.

यादी लागली त्या दिवशी अनघा माझ्याबरोबर फलकासमोर उभी होती. तिने बोट वरून खाली दोनदा फिरवले. "बाबा, माझ्यापेक्षा कमी मार्कांचे सगळे आहेत. मीच नाहीये." खोडलेली ओळ मला तेव्हा आठवत नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. आठवत होती. तिचा याच्याशी संबंध असू शकतो, हे मला मान्य नव्हते.

मी पाच पत्रे लिहिली. प्राचार्यांना, संस्थेला आणि शिक्षण खात्याला. त्यांत मी म्हात्रेबाईंचे नाव घातले. ओळखीच्या कोणासाठी जागा फिरवली असावी, असा संशय चांगल्या भाषेत मांडला. खिडकीवरचे संभाषण मात्र एकाही पत्रात घातले नाही. उत्तर जासईच्या पत्त्यावर आले, तोवर प्रवेश संपले होते. सोबत माझ्याच अर्जाची झेरॉक्स होती. खोडलेली ओळ, समासातील माझे अक्षर, आणि खाली दुसऱ्या हाताची पेन्सिलीतील बारीक नोंद: 'पालकांस तोंडी सांगितले.'

घरी मी इतकेच सांगितले की उत्तर समाधानकारक नाही.

अनघाने त्याच महाविद्यालयात अकरावीला मराठी घेतले, जीवशास्त्र घेतले. बायफोकलच्या मैत्रिणीची जर्नल ती घरी आणून अक्षरशः उतरवून काढी. त्यातले प्रोग्राम आधी कागदावर चालवून पाही. नव्या पनवेलीत इक्बालभाईंचे सायबर कॅफे होते. ते कुवेतला पंधरा वर्षे काढून परतलेले. अनघासाठी त्यांनी कोपऱ्यातल्या यंत्रावर सी-प्लस-प्लसची सीडी चढवून दिली. "बेटी, सीट गेली तर गेली. कीबोर्ड कुठे गेला? बस इथे." आणि माझ्याकडे वळून, "वकीलसाहेब, तुमी बाहेर बसा. तुमाला बघून मशीन हँग होते." मी वकील नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

बारावी झाल्यावर मी महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणायला गेलो. खिडकीवर दुसरेच कोणी होते. म्हात्रेबाई कुठे, असे विचारले, तर म्हणाले, "त्या आता मागे रेकॉर्डला. तक्रार झाली ना त्यांची." थोड्या वेळाने धुळीने माखलेले रजिस्टर दोन्ही हातांत घेऊन त्या स्वतःच आल्या. मला ओळखले. "पोरगी पास झाली नं? बरं झालं." एवढे बोलून रजिस्टर ठेवले आणि गेल्या. तक्रार मागे घेण्यास दोन ओळी पुरल्या असत्या. मी घरी आलो आणि झेरॉक्स फाईलच्या तळाशी सरकवली.

पुढचे आपणास माहीत आहे. अनघा इंजिनिअर झाली, पुण्यात राहिली, कॅनडाला गेली, आणि आम्हांला तिकडे नेण्यासाठी तिने अर्ज केला. त्यासाठी मुलांना आईवडिलांच्या भाराचे हमीपत्र द्यावे लागते, वीस वर्षांचे. तिने ते संपूर्ण मान्य करून सही केली आणि माझ्या सहीसाठी पाठवले. फोनवर म्हणाली, "बाबा, नीट वाचा, पण खोडू नका हं." ती हसली. मला काही ते बोलणे हसण्यावारी नेता आले नाही.

इथे घर टेकडीवर आहे. खिडकीतून खाडी दिसते, बंदराच्या क्रेन दिसतात, आणि जासईला दिसत तशाच कंटेनरांच्या थप्प्या दिसतात. जासईला त्या थप्प्यांमागे मला ओळखणारा माणूस असे. इथे फक्त थप्प्या आहेत. माझ्याकडे कायम रहिवाशाचे पीआर कार्ड आहे, ग्रंथालयाचे कार्ड आहे, बसचा सिनियरचा पास आहे. रिसायकलिंगचा निळा डबा चुकीच्या दिवशी उचलला म्हणून मी नगरपालिकेला पत्र लिहिले, तर दुसऱ्याच दिवशी आभाराचे उत्तर आले आणि चूक दुरुस्त झाली. अशा ठिकाणी रागाचे काय करायचे, हे मला अजून समजलेले नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत अनघाने चार लोकांना आपली जुनी हकिकत सांगितली. "माझी बायफोकलची सीट कोणीतरी खाल्ली, पण आमच्या बाबांनी सोडलं नाही. पाच पत्रं!" लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिले. घरी आल्यावर मी फाईल काढली आणि ती झेरॉक्स तिच्यापुढे ठेवली.

आधी ती हसली. "पट्टी लावून खोडलीय! बाबा, तुम्ही म्हणजे ना..." मग तिने पेन्सिलीतील नोंद वाचली आणि हसणे थांबले. 

"कॉलेजात दोन वर्षं या म्हात्रेबाई समोर आल्या की मी मान फिरवायचे," ती म्हणाली. "माझी सीट गेली ती जाऊ दे. मला मिळायचं ते मिळालं. यांचं काय?"

मी म्हणालो, "ती अट मला आजही मान्य नाही."

"मलाही नाही. पण अट त्यांनी घातली होती का?"

आयुष्यभर मी समोरच्याकडून उत्तर मागत आलो; आता मागणारी माझीच मुलगी होती.  सुनंदा उठली, माझ्या खिशातले पेन काढून तिने टेबलावर माझ्यापुढे ठेवले आणि आत गेली.

घर म्हणजे काय, असे मला इकडे पुष्कळजण विचारतात. विचुंब्याचा फ्लॅट भाड्याने दिला आहे आणि टेकडीवरचे हे घर मुलीचे आहे. इथे माझ्यामुळे कोणाचे काही बिघडलेले नाही. म्हणूनच मी इथे पाहुणा आहे. जिथे माझ्या हातून झालेली चूक दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर अजून नोंदलेली आहे, माझे घर तिथे आहे.

सोबत दोन पत्रे जोडली आहेत. एकाने मी महाविद्यालयाकडील माझी तक्रार मागे घेतली आहे आणि खिडकीवर झालेले बोलणे शब्दशः नमूद केले आहे. दुसरे म्हात्रेबाईंना आहे. त्या आता निवृत्त झाल्या असतील. आपल्यापैकी कोणी चौकशी केल्यास घर सापडेल. पहिल्या पत्राची पोच नेहमीप्रमाणे घ्यावी. दुसरे त्यांच्या हाती द्यावे, त्या काही बोलल्या तर ऐकून घ्यावे, आणि पोच मागू नये.