आवळ्याच्या गोळ्यांचा गुन्हा

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण तो गोळ्यांचा गुन्हा आठवला की आधी हसू येतं आणि मग राग.

मी तेव्हा अंकुशनगरकडच्या ठाण्यात होतो. ऊसतोड जोरात होती. सकाळची हजेरी चालू असतानाच एका टोळीचा मुकादम तणतणत आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई दिवस जाऊन आडवी झाली की कोयता मोडतो आणि मुकादमाचं डोकं फिरतं.

"साहेब, एक जण बाजारात बायांना पोट पाडायच्या गोळ्या विकून राह्यला. लुटलं त्यानं!"

"बाया आजारी पडल्या?"

"न्हाई ना! काहीच झालं न्हाई! गोळ्या खऱ्या असत्या तर मी कशाला आलो असतो?"

मी कपाळावर हात मारला. आमच्या महिला हवालदाराला साध्या साडीत गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. गडी मालासकट सापडला.

"विनापरवाना गर्भपाताची औषधं? कलमं माहीत आहेत का रे?" मी दरडावलं.

गडी उलट खूश! "बिलकुल न्हाई साहेब, आवळ्याच्या गोळ्या हायत." त्यानं चार तोंडात टाकल्या. आमच्या जमादारानंही मुद्देमालातली एक चाखली आणि म्हणाला, "मीठ बराबर आहे."

"मग एवढा भाव कसा?"

"धाडीच्या धाकानं मेडिकलवाले खऱ्या गोळ्या ठेवीत न्हाईत. तुमची जीप बाजारातून फिरली की माझा भाव दुप्पट. लई उपकार हायत तुमचे."

असा संताप आला!

तेवढ्यात जबाबाला आलेली ऊसतोडीची बाई बाकावरून उठली. कानातली फुलं विकून तिनं गोळ्या घेतल्या होत्या. "ह्याला आत टाका न्हाईतर सोडा. माझं काय? दोन लेकरं हायत. दिवस चढून राह्यले, फडात उभं राहवत न्हाई. कोयता मोडला तर खायचं काय?"

"सरकारी दवाखान्यात का नाही गेलीस? कायद्यानं चालतं, फुकट होतं."

"तिथं पोलीस धरत्यात म्हनं."

तिला तडक जीपमध्ये घातलं, हवालदार बाईंना सोबत घेऊन सरकारी दवाखाना गाठला. गणवेश पाहताच डॉक्टरच घाबरले. "साहेब, आमच्याकडे असलं काही होत नाही!" रांगेतल्या दोघी बाया मागच्या दारानं पसार झाल्या.

हवालदार बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जीप घेऊन जाता का? आम्ही एसटीनं येतो."

मी जीप घेऊन निघालो. त्या भामट्यावर फसवणुकीचा गुन्हा लागला. पण बायांना कायद्यानं दिलेलं दार आमच्याच धाकानं बंद झालं होतं, हे त्या प्रकरणानं मला शिकवलं.

संध्याकाळी हवालदार बाईंचा फोन आला. "झालं साहेब, बाई बरी आहे. टोळीत सगळ्यांना सांगणार म्हणते, दवाखाना चांगला आहे, फुकट आहे, फक्त पोलीस सोबत नेऊ नका."