जाऊबाईंचं रॉकेट

माझी थोरली जाऊ कस्तुराबाई हिच्याशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते. भर हळदीकुंकवात, वीस बायकांच्या देखत, ती म्हणाली होती की अंगणवाडीच्या खिचडीचं तेल माझ्या घरच्या भाजीत उतरतं. मी अंगणवाडी सेविका. तीस वर्षं गावातल्या पोरांची वजनं केली, नाकं पुसली, आणि त्याचं हे फळ. त्या दिवसापासून ती मला मेली. पण मेलेलं माणूस रोज सकाळी समोरच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत नाही. ही बसायची.

बाई एकसष्ट वर्षांची, उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळाला कायम आठी. नवरा गेल्यावर तिनं कुसगावच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापायचं काम धरलं. तिथल्या टीव्हीवर एकदा रॉकेट उडताना बघितलं आणि हे खूळ डोक्यात शिरलं. मग मोबाईलवर एकही उड्डाण सोडायची नाही. उलटी मोजणी सुरू झाली की तव्यावरची भाकरी करपली तरी ती जागची हलत नसे. हॉटेलातल्या कुणा पाहुण्यानं सांगितलं, श्रीहरिकोट्याला जाऊन समोर बसून बघता येतं, आधी नाव नोंदवायचं, बस्स. झालं, बाईनं जायचं ठरवलं.

गावात एकही माणूस उरला नाही ज्यानं तिला विचारलं नाही की तुला कशाला बघायचंय. तिचा मुलगा संदेश सोमाटण्याला फ्लॅट घेऊन राहतो. तो म्हणाला, तिरुपतीला चल, मी स्वतः नेतो, पण रॉकेट बघायला गेलीस तर लोक मला हसतील. ट्रॅक्टरवाल्या सोपाननं विचारलं, आत बसायला जागा मिळाली का. तिचं सगळ्यांना एकच उत्तर, "बघायचंय." त्यापुढं एक अक्षर नाही. असलं उत्तर ऐकलं की समोरच्याला वाटतं, आपल्याला सांगण्याच्या लायकीचंसुद्धा समजलं नाही. मलाही तसंच वाटायचं, आणि मी तर विचारलंही नव्हतं.

तिचं नाव नोंदवलं कुणी, तर माझ्या पोटच्या पोरीनं, सृष्टीनं. माझ्या नाकाखालून, माझ्याच घरातल्या मोबाईलवरून. मला कळलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशीही बोलले नाही.

तारीख होती दोन जुलै. आमच्याकडं तेव्हा भातलावणी, आणि लावणी चालते सावडीनं. आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. पैसे नाहीत, दिवसाला दिवस. ज्याचं खाचर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं आणि स्वतः चिखलात उभं राहायचं. सावडीत भांडण आणता येत नाही. नऊ वर्षं मी तिच्या खाचरात रोपं लावली आणि तिनं माझ्या, एकमेकींकडं पाठ करून. या वर्षी तिचा दिवस ठरला सात जुलै. म्हणजे जाऊन, बघून, ती आरामात परत येणार होती.

तीस जूनला ती पिशवी घेऊन लोणावळा स्टेशनावर पोचली आणि तिला सृष्टीचा फोन आला, कुठंतरी गळती सापडलीय, उड्डाण पुढं ढकललं. संध्याकाळी बाई परत आली. एसटीतून उतरताना चार जणांनी विचारलं, काय मावशी, एवढ्यात चंद्रावरून माघारी? मीही दारात उभी होते आणि मीही हसले. दोन दिवसांनी नवी तारीख आली, सात जुलै. नेमका तिच्या लावणीचा दिवस.

आता तिला दिवस बदलून हवा होता. बाकीच्यांचे दिवस सोपानच्या ट्रॅक्टरशी बांधलेले, हलण्यासारखा फक्त माझा होता, तीन तारखेचा. तो तिला द्यायचा आणि तिची सात तारीख मी घ्यायची. माझी रोपं कोवळी होती, चार दिवस खुशाल थांबली असती. तिनं सृष्टीकडून निरोप धाडला. मी म्हणाले, न्हाई. कारण सांगितलं नाही, कारण नव्हतंच. ती नसली की तिचं खाचर लावायचं कुणी आणि बायकांना जेवू घालायचं कुणी, हे मला पुरतं ठाऊक होतं. ती जाणार नाही, हेच मला हवं होतं.

तीन तारखेला ती माझ्या खाचरात आली. दिवस देणं लागत होती, म्हणून आली. तिची ओळ नेहमीसारखी दोरी लावल्यासारखी सरळ. दुपारी जेवताना ती सगळ्यांना म्हणाली, "सात तारखेला माझ्याकडं येऊ नका. यंदा माझं खाचर पडीक राहील."

अंबूबाई सत्तरीची, तिच्या हातातला घास तसाच राहिला. "रॉकेटापायी?"

"व्हय," ती म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली.

वर्षाचा इंद्रायणी तांदूळ सोडून बाई पाच तारखेला गेली. सहाला सृष्टीनं बातमी दिली की वरचं वारं चांगलं नाही, उड्डाण आता अकराला. गाव पोट धरून हसलं. संदेशनं फोनवर आईला नाही नाही ते सुनावलं, तेव्हा तिनं फोनच बंद करून ठेवला. रात्री एकदा चालू करून सृष्टीला एवढंच सांगितलं की तिथल्या एका लॉजवर आहे, हितंच थांबते, तू माझं नाव परत घाल.

पण तिचं खाचर आमच्या वाटेवर. चारी बाजूंनी हिरवं आणि मधे तेवढंच मोकळं पाणी. पहिल्या दिवशी बायका ते बघून हसल्या. दुसऱ्या दिवशी गप्प गेल्या. तिसऱ्या दिवशी अंबूबाई म्हणाली, "काळीज लागतंया बाई, आसं टाकून जायला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते खाचर वर्षभर तसंच राहिलं असतं तर ती गावात मोठी झाली असती, आणि मी? मी ती बाई, जिनं तीन तारीख दिली नाही.

म्हणून दहा तारखेला मी तिचं खाचर लावलं. सोपानला चिखलणीला उभं केलं, घरोघर जाऊन बायकांना सांगितलं की तिचे दिवस तुम्ही देणं लागता, चला. स्वयंपाक मी केला. लोक म्हणाले, राजेश्वरीचं मन मोठं. मी त्यांना म्हणू दिलं. खरं सांगायचं तर एवढ्या रागानं मी आयुष्यात कधी रोपं लावली नव्हती.

बाई चौदाला परत आली. बांधावर बराच वेळ उभी राहिली, मग सृष्टीला दारात गाठून म्हणाली की तुझ्या आईला हे करायला कुणी सांगितलं होतं. आभार तर सोडाच. पण पुढच्या आठवड्यात मी भातातलं गवत बेणायला उतरले तर ही आधीच येऊन माझ्या खाचरात वाकलेली. दिवसाला दिवस. दुपारपर्यंत आम्ही दोघीच होतो, दहा हातांवर, तोंडं दोन दिशांना. सगळ्या गावाला तिनं काय काय सांगितलं असेल, आणि मला एक अक्षर माहीत नाही, हे मला सहन होईना. नऊ वर्षांचा अबोला मीच मोडला.

"दिसलं का मग?"

"दिसलं." तिचे हात चालूच होते. "आदी निस्तं दिसलं. आवाज मागनं आला, पार छातीत. मग ढगात गेलं."

"किती येळ?"

"मिनिटभर आसंल."

"मिनिटभर? त्यासाठी भात सोडून गेलता? काय मिळालं तुमाला?"

तिनं मुठीतलं गवत बांधावर टाकलं आणि माझ्याकडं सरळ बघितलं.

"तितं हजारो माणसं व्हती," ती म्हणाली. "कुणी एकानं इचारलं न्हाई, तू कशाला आलीस म्हणून."

मग तिनं पुढची ओळ धरली. मला पुन्हा खाली वाकायला थोडा वेळ लागला.