संतोषचं घड्याळ

गेल्या रविवारी इंदापूरला जाऊन आलो... संतोषच्या घरी. माझा मित्र, महिन्यापूर्वी हार्ट अटॅकनं गेला. भेटायला जातोय असं घरी सांगितलं होतं, पण खरं कारण वेगळंच होतं. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

बारामतीत आमचा महागड्या घड्याळांच्या शौकिनांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणी डॉक्टर, कुणी बिल्डर, माझं एमआयडीसीत छोटंसं युनिट. महिन्यातून एकदा हॉटेलात जमायचं आणि एकमेकांची मनगटं न्याहाळायची... त्यात बहुतेकांचा ब्रँड एकच. बाकीच्या कंपन्यांचं नाव निघालं की आम्ही नाकं मुरडणार.

संतोषला हा नाद मीच लावला. त्याचं इंदापूरला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान. बरीच वर्षं मन मारून त्यानं पहिलं स्विस घड्याळ घेतलं आणि हौसेनं ग्रुपवर फोटो टाकला... नेमकी दुसरी कंपनी! मी लिहिलं, 'छान. ट्रॅक्टरवर बसताना चालेल.' खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली.

संध्याकाळी संतोष ग्रुपमधून बाहेर पडला. फोन करावा असं दोनदा वाटलं, पण अकड आडवी आली. त्यानंतर आम्ही बोललोच नाही.

आता गंमत बघा... ते मॉडेल कंपनीनं बंद केलं आणि ज्याला हसलो त्यालाच मागणी आली. तो गेल्यावर ग्रुपवर एकानं लिहिलं, 'घरच्यांना काय कळणार त्यातलं? विचारून बघ, स्वस्तात देतील.' आणि मी निघालोसुद्धा.

संतोषचे वडील, तात्या, ओट्यावर बसले होते. माझी नजर आधी त्यांच्या मनगटावर गेली, चेहऱ्याकडे नंतर... घड्याळ तिथंच होतं. पट्ट्यावर ओरखडे, बाजूला शेणामातीचे डाग. सकाळचे दहा वाजले असताना ते तीन-वीस दाखवत होतं.

माझं बघणं त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, "दवाखान्यात काढून माझ्याकडं दिलं. तिसऱ्या दिवशी बंद पडलं. उचलून हातात घातलं, तर चालू झालं बघा... तवापासनं काढलं न्हाय. झोपतानाबी न्हाय."

या घड्याळांना सेल नसतो, हाताच्या हालचालीवर चालतात. तात्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

विकत मागायचा विचार तिथंच सोडला. कसंबसं म्हटलं, काढा जरा, वेळ लावून देतो. त्यांनी हात मागं घेतला. "काढायचं न्हाय."

घड्याळ हातात असताना वेळ लावायची चावी ओढायची नाही, आतल्या दांड्यावर ताण येतो, असं ग्रुपवर सगळ्यांना बजावणारा मीच. तात्यांचा हात मांडीवर घेतला आणि तशीच ओढली. चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो... काटा थांबला आणि तात्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"बंद केलं का हो?"

नाही तात्या, नाही... घाईघाईनं वेळ लावली, चावी आत दाबली. काटा फिरायला लागला. त्यांची पकड सैल व्हायला बराच वेळ लागला.

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "संतू म्हणायचा, घड्याळातलं खरं कळतं ते बारामतीच्या माझ्या मित्राला. फोटूत त्याला समजलं न्हाय. एकदा हातात घिऊन बघितलं की आवडंल म्हणायचा... तुमीच का ते?"

मी 'हो' म्हटलं आणि उठलो.

गाडीत येऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ग्रुपवर एवढंच लिहिलं, 'घड्याळ विकायचं नाही.' संतोषला मात्र एक सांगायचं राहिलंय, आणि त्याचा नंबर आता लागत नाही... म्हणून इथं लिहितोय.

घड्याळ छान आहे रे संतोष. तात्यांच्या हातात बघितलं मी.